स्टिअरिंग सगळ्यात शेवटी

१

बाईंना गाडी घ्यायची होती, आणि ती बाईंना शोभणारी नाही याबद्दल घरात, गल्लीत आणि खुद्द शोरूममध्ये सगळ्यांचं एकमत होतं. इतकं एकमत त्यांच्या लग्नाच्या वेळीसुद्धा झालं नव्हतं.

एकतीस वर्षं बाईंनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. म्हणजे एकतीस वर्षं त्या चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसल्या. शिकवण्याच्या गाडीत त्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतो. बाईंनी इकडे पाय दाबला की तिकडे शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं आणि माणूस दचकायचा. "खाली काय बघता? माझा पाय आहे तो," बाई म्हणायच्या. पाठीमागे त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

शिकवण्याची त्यांची रीतही जगावेगळी होती. बाकीचे लोक पहिल्याच दिवशी नवख्याच्या हातात स्टिअरिंग देतात. बाई पहिला आठवडा नुसता क्लच शिकवायच्या. मग गिअर. मग रेस. स्टिअरिंग सगळ्यात शेवटी. तोवर ते बाई शेजारून एका हाताने सांभाळणार. "ज्याच्या पायाला अक्कल नाही त्याच्या हातात चाक देऊन काय करू?" असा त्यांचा सवाल असे. दुसऱ्या ड्रायव्हिंग शाळांचे लोक हसायचे. हसोत बापडे.

तीन महिन्यांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले, तशी बाईंनी शाळा बंद केली. आणि एका मंगळवारी सकाळी, भाजी आणायला निघालेल्या बाई पिशवीसकट शोरूममध्ये शिरल्या.

गाडी निळी होती. चार दारं, साधा चेहरा, लांबून पाहिलं तर एखाद्या हेडक्लार्कची वाटावी. पण बॉनेटखाली पहिलवान बसलेला. सहा गिअर, सगळे हाताने टाकायचे.

"मॅन्युअलमधली ही शेवटची, मॅडम," विक्रेता म्हणाला. त्याच्या टायची गाठ त्याच्या गळ्यापेक्षा मोठी होती, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव टायवाला ठेवलं. "आता कंपनी फक्त ऑटोमॅटिक काढणार. तुमच्यासाठी खरं तर तीच..."

"किल्ली द्या," बाई म्हणाल्या.

शाळेच्या गाडीत काटा कधी चाळिसाच्या पुढे गेला नव्हता. इथे दुसऱ्या गिअरमध्येच तो साठावर जाऊन उभा राहिला. इंजिनाचा आवाज पाठीच्या कण्यातून वर चढला आणि बाईंना एकटीलाच हसू फुटलं. शेजारी बसलेल्या टायवाल्याने दाराची मूठ घट्ट धरली.

मग सिग्नल आला. बाईंनी क्लचवर पाय नेला आणि पायाखाली पेडल नव्हतं. ते आधीच खाली गेलं होतं. जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी, तसा पाय पोकळीत गेला. हिरवा दिवा लागल्यावर पेडल वर आलं. सावकाश, अर्ध्यावर थबकत, थरथरत. बाईंचा पाय त्याच्यावर नुसता टेकलेला होता.

"क्लच बघून घ्या. खाली राहतोय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, नवीकोरी गाडी आहे," टायवाला म्हणाला. "अजून पन्नास किलोमीटरसुद्धा चाललेली नाही."

२

"नाकापेक्षा मोती जड," यजमान म्हणाले. ते निवृत्त ग्रंथपाल. बाईंच्या हाताखाली शिकून गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झालेले, त्यामुळे गाड्यांविषयी त्यांचं मत ठाम होतं. "दोन माणसं आपण. दवाखाना आणि बाजार, एवढंच जायचं. त्याला पहिलवान कशाला?"

"दवाखान्यात लवकर पोचू."

लेक फोनवर होती, आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता, म्हणजे तीही जणू जेवायलाच बसली होती. "आई, घ्यायचीच असेल तर ऑटोमॅटिक घे. तुझ्या गुडघ्याला बरं. एकसष्टाव्या वर्षी कशाला क्लच दाबत बसायचं?"

"एकसष्टाव्या वर्षी मी काय करायचं, याची यादी छापून आलीय का कुठे?"

बाईंचं नाक वर गेलं की घरात बोलणं थांबायचं. तो नियम लेकीच्या जन्माआधीचा होता.

जेवणं झाल्यावर त्यांनी यजमानांना क्लचचं सांगितलं, अगदी सहज, भाजी महागल्याचं सांगावं तसं. यजमानांनी चष्मा पुसला.

"तुझाच पाय असणार तो. एकतीस वर्षं दाबतोय बिचारा. तुला कळायच्या आत दाबून मोकळा होत असेल."

हे पटण्यासारखं होतं. बाईंना ते मनापासून पटवून घ्यायचं होतं. दुपारी यजमान झोपल्यावर त्या जेवणाच्या खुर्चीवर बसल्या, साडी जरा वर घेतली आणि स्वतःच्या डाव्या पायाकडे टक लावून बघत राहिल्या. मनात म्हणाल्या, सिग्नल. लाल. खिडकीत पडदा हलत होता, आतल्या खोलीत यजमान घोरत होते. पाय टाइलवर गार पडून राहिला. त्याने बोटसुद्धा हलवलं नाही.

३

मिस्त्री म्हणजे बाईंच्या शाळेच्या तिन्ही गाड्यांची नाडी ओळखणारा माणूस. बुधवारी बाई त्याला शोरूममध्ये घेऊन गेल्या. टायवाल्याला ते आवडलं नाही, पण बाईंपुढे कुणाचं काय चालतंय.

मिस्त्रीने गाडी वर चढवली, खाली आडवा झाला, बाहेर आला, क्लच हाताने वीस वेळा दाबला, कान लावून ऐकला.

"लोणी आहे बाई. काही खोट नाही."

"मग चल. बस शेजारी."

गर्दी संपेपर्यंत मिस्त्री त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होता. क्लच आपला आपण खाली जात होता, वर येत होता. कालच्यापेक्षा बरा येत होता. थरथर कमी झाली होती. तिसरा टाकायची वेळ आली, तसा त्यांनी गिअरकडे हात नेला. गिअरचा गोळा कोमट होता. नुकताच कुणी हात काढल्यासारखा. त्यांची बोटं मिटायच्या आत तो पुढे सरकला आणि तिसऱ्यात बसला.

पुढच्या चौकात गाडी थांबली. बाईंचे दोन्ही हात चाकावर होते. गिअर न्यूट्रलमध्ये आला आणि डावीकडे उजवीकडे दोनदा हलला. न्यूट्रल आहे ना, याची खात्री करायला असा दोनदा हलवून बघायचा असतो. बाईंनी हजारो लोकांना ते शिकवलं होतं.

मुलीच्या परीक्षेची गोष्ट मध्येच थांबली.

"बाई," मिस्त्री म्हणाला, "हात कुठे आहेत तुमचे?"

"दिसत नाहीत का? चाकावर."

"दोन्ही?"

"मला तिसरा आहे का?"

त्यानंतर शोरूम येईपर्यंत मिस्त्री गुडघ्यांवर हात ठेवून, अंग चोरून बसला. उतरल्यावर त्याने हात पुसले. त्यांना काही लागलेलं नव्हतं तरी पुसले.

"ऑटोमॅटिक घ्या बाई. त्यात क्लच नाही, गिअरला हात लावायचा नाही. त्यात शिकण्यासारखं काही नसतंच."

"मला कुणी शिकवायची गरज नाही."

"तुम्हाला नाही म्हणत मी," मिस्त्री म्हणाला, आणि चहाला न थांबता निघून गेला.

४

गुरुवारी बाईंनी ऑटोमॅटिक चालवून पाहिली, यजमानांना मागे बसवून. ती लिफ्टसारखी चालली. बटण दाबावं, पोचावं. डावा पाय पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहिला. कुठलंही पेडल आपोआप हललं नाही, काही कोमट लागलं नाही. यजमान खूश झाले. "बघ, कशी शहाण्या बाळासारखी चालते," ते म्हणाले.

बाईंना रडू यायचं बाकी होतं. भीतीने नव्हे, कंटाळ्याने.

तरी त्या टायवाल्याच्या टेबलाशी जाऊन बसल्या. टायवाला ऑटोमॅटिकचा फॉर्म भरत होता. शोरूमला चारी बाजूंनी काचा, फरशी इतकी पुसलेली की गाड्या पाण्यावर उभ्या असाव्यात. वर एसीची घरघर. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. निळी गाडी दहा पावलांवर होती, दारं बंद, इंजिन बंद, किल्ली टायवाल्याच्या खणात.

बाईंना पेडलचा आवाज आला. खाली जाताना एक बारीक च्यक्, आणि वर येताना मऊसा श्वास. मग थोडी शांतता. मग पुन्हा च्यक्.

यजमान विम्याबद्दल काहीतरी विचारत होते. बाई उठल्या, फरशीवर चपलांचा आवाज करत निळ्या गाडीपाशी गेल्या आणि काचेला कपाळ लावून आत पाहिलं. सीट रिकामी होती. क्लचचं पेडल जमिनीला टेकलं होतं. ते वर यायला लागलं. अर्ध्यावर आलं आणि घाईने सुटायला लागलं.

"सावकाश," बाई म्हणाल्या. जिभेला सवय, दुसरं काय.

पेडल अर्ध्यावर थांबलं. आणि मग, सावकाश, अगदी सांगितल्यासारखं, वर आलं.

दोन दिवस त्यांचा समज असा होता की कुणीतरी आपल्यावर पाय ठेवून आहे, आपण जसा लोकांवर ठेवला तसा. आपल्याला अडवायला, आपली चूक धरायला. तिथेच चुकलं होतं. शिकवणाऱ्याचा पाय थरथरत नाही. हा शिकणाऱ्याचा पाय होता. इंजिन बंद ठेवून सराव करा, असं त्या ज्यांना सांगत, त्यांच्यापैकी कुणाचा तरी. एकतीस वर्षांत कितीजण शिकणं अर्धवट टाकून यायचे थांबले, आणि का थांबले हे बाईंनी कुणाला विचारलं नव्हतं.

शिकणं चाललं होतं, तेही बाईंच्याच क्रमाने. क्लच झाला. गिअर झाला. आता रेस, मग स्टिअरिंग. आणि स्टिअरिंग जमलं की बाई काय करायच्या? पट्टा काढायच्या, दार उघडून उतरायच्या आणि मैदानाच्या कडेला उभ्या राहायच्या. गाडी एकट्याच्या ताब्यात देऊन.

"अगं, सही करतेस ना?" यजमानांनी टेबलापाशी पेन पुढे धरलं होतं.

बाई परत आल्या. भीती वाटत होती. बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, स्वतःशीसुद्धा नाही. पण भीतीच्याही वर काहीतरी चढत होतं, आणि तो राग होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात चाक दिलं. धडपडणाऱ्यांच्या, रडणाऱ्यांच्या, फुटपाथवर गाडी चढवणाऱ्यांच्या. एक गाडी, एकच, स्वतःच्या हाताने चालवायची म्हटली तर तिथेही शिकाऊ येऊन बसावा?

"ही नको," त्या म्हणाल्या. "निळी."

टायवाल्याने टाय सैल केला. "मॅडम, निळीसाठी शनिवारी बाराला दुसरे एक जण येणार आहेत."

"शनिवारी दहाला मी येते. एकटीच चालवेन. मग काय ते सांगते."

"अगं, पण का?" यजमान म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि त्यांनी ती लपवली नाही. "मिस्त्री काल घरी येऊन गेला. मला सगळं सांगितलंय त्याने. मला कळत नाही काय ते, पण सोडून दे ना."

"घाबरून गाडी घ्यायची असती तर मी सायकल घेतली असती," बाई म्हणाल्या.

५

शनिवारी ऊन लख्ख होतं. यजमान शोरूमच्या दाराशी उभे राहिले. शहराबाहेरच्या बायपासला लागेपर्यंत बाईंनी क्लच आणि गिअरचा हट्ट धरला नाही. ते आता इतकं सफाईने होत होतं की नाव ठेवायला जागा नव्हती. त्यांनी फक्त चाक धरलं होतं आणि उजवा पाय रेसवर ठेवला होता.

चौथ्या गिअरमध्ये गाडी गुणगुणायला लागली. दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, समोर सरळ रस्ता. नव्वद. बाईंनी पाय उचलला. काटा उतरला नाही. शंभर. पेडल त्यांच्या पायापासून दूर दूर खाली चाललं होतं, आणि बाईंचा पाय त्याच्या वर हवेत होता. एकशे वीस. पुढे एक ट्रक दिसायला लागला.

बाईंनी डावा पाय क्लचवर असा मारला की गुडघ्यातून कळ गेली. इंजिन किंचाळलं, पण चाकांचा आणि त्याचा संबंध तुटला. गाडी नुसती घरंगळत राहिली. क्लच वर यायला धडपडत होता. बाईंनी तो जमिनीला दाबून धरला. या एका पेडलसाठी लोक त्यांना वेड्यात काढत होते. आज ऑटोमॅटिकमध्ये असत्या, तर दाबायला काय होतं?

"रेस कमी करा," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला. "आधी रेस कमी. त्याशिवाय मी क्लच सोडणार नाही. मला घाई नाही."

किंचाळणं चालूच राहिलं. मग हिसक्याहिसक्याने उतरलं. रेसचं पेडल वर आलं आणि त्यांच्या चपलेला येऊन टेकलं. बाईंच्या ओठांवर "छान" आलं होतं. ते त्यांनी दातांखाली धरलं. शाबासकी दिली की शिकणारा दुप्पट शिकतो.

परतीच्या रस्त्यावर, शोरूमच्या वळणाला, चाक त्यांच्या हातांच्या जरासं आधी वळलं. केसभर आधी. वळण अगदी बरोबर होतं.

बाईंनी चाक आवळलं. दंडांत कळा आल्या. चाक ऐकेना, त्या सोडेनात. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. तशीच ओढाताण करत, एकदा कडेच्या दगडाला घासत, गाडी शोरूमच्या आवारात शिरली. समोर ती सबंध काचेची भिंत होती आणि काचेत निळी गाडी समोरून येत होती.

बाईंनी काचेत पाहिलं, फार तर एक क्षण. त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, पांढरी बट, जांभळी साडी. पण तो ज्या बाजूला दिसायला हवा त्या बाजूला नव्हता. काचेतल्या बाई शेजारच्या सीटवर होत्या, एक हात लांब करून चाकाला धरलेला. आणि चाकामागे, उन्हाची तिरीप जिथे पडली होती तिथे, चाकावर दोन हात होते. अंगठे बाहेर, बोटं सैल. बाई शिकवायच्या, अगदी तसे.

ब्रेक बाईंनीच मारला. एवढं नक्की.

६

इंजिन बंद केल्यावर आवारात फार शांत वाटलं. लांबून टायवाला हातात फाइल घेऊन येत होता, त्याच्यामागे यजमान.

खट्. बाईंचा पट्टा सुटला.

बाईंनी तो ओढून पुन्हा लावला. तो पुन्हा सुटला. मग दाराचं कुलूप वर झालं आणि दार बोटभर उघडलं. बाहेरची गरम हवा आत आली. यात धक्काबुक्की नव्हती, राग नव्हता. शेवटच्या दिवशी शिकणारा जसा आदबीने थांबतो, बाई उतरायची वाट बघत, तसं सगळं थांबलं होतं.

एकदा उतरलं की झालं, हे बाईंना कळलं. घरी जाऊन चहा प्यायचा. दुसरं कुणीतरी ही गाडी घेईल, किंवा नाही घेणार. त्यांच्या अंगाला काही होणार नाही. फक्त पुढे कधी रस्त्यावर निळी गाडी दिसली की मान खाली घालावी लागेल.

त्यांनी दार ओढून लावलं. धाडकन.

"कशी वाटली मॅडम?" टायवाला खिडकीशी वाकला. "या ना आत, चहा सांगतो."

"कागद इथे आणा."

"अहो, आत टेबलावर..."

"इथेच. मी उतरणार नाही."

टायवाल्याने यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी चाळीस वर्षांच्या अनुभवाने मान हलवली. कागद आले. बाईंनी ते चाकावर ठेवून सह्या केल्या, एका हाताने पट्ट्याचं बक्कल दाबून धरून. अक्षर वाकडं आलं. चाक खालून ढकलत होतं.

"झालं. आता उतर की," यजमान म्हणाले. "सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुझा. घेतलीस ना गाडी?"

"तुम्ही बसा. मागे बसा, पुढे नको."

यजमानांनी मागचं दार उघडलं, गुडघे सावरत आत शिरले, दार लावलं. बाईंनी किल्ली फिरवली. पहिलवान जागा झाला. गाडी आवारातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.

"अगं," यजमान म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू बाजूच्या सीटवर का बसलीयेस?"

बाईंनी स्वतःकडे पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही. हातांना चाक लागत होतं, तेवढं पुरे होतं. चाकाने एक हिसका दिला. बाईंनी त्याहून मोठा दिला.

"गाडी मी चालवतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही पट्टा लावा."